डालग्याखालची शेवंती

डालग्याखाली बसलं की जग नुसतं पायांचं होतं.

बांबूच्या कामट्यांच्या फटींतून मला समोर चाळीस-पन्नास पाय दिसत होते. करकरणाऱ्या वहाणा सरपंच रंगनाथअण्णा झावऱ्यांच्या. त्या एका जागी ठरत नव्हत्या, म्हणजे वर अण्णा हसू दाबत असणार. जोडवी घातलेले, मातीने भेगाळलेले पाय पारूबाई औटींचे. आणि अगदी माझ्या नाकासमोर दोन अनवाणी पाय एकमेकांवर चढून उभे होते. ते पारूबाईंच्या मंदाकिनीचे. ती अवघडली की एका पायाने दुसरा पाय दाबून धरायची, वर्गातही.

"गुरुजी, आरवा की आता," कुणीतरी म्हणालं आणि सगळे पाय हसले.

पैज तशीच ठरली होती. हरेल त्याने दसऱ्याच्या संध्याकाळी भैरोबाच्या देवळासमोर कोंबड्यांच्या डालग्याखाली बसायचं आणि कोंबड्यासारखं आरवल्याशिवाय बाहेर यायचं नाही. मी सातवीचा वर्गशिक्षक, विज्ञानाचा पदवीधर, वय सव्वीस, अंगाने काडीपैलवान. गुडघे कानांशी घेऊन, डोक्यावर कोंबडीचं एक पीस मिरवत बसलो होतो.

यातली गंमत एवढीच की पैज मी जिंकलो होतो.

त्याला आता चौतीस वर्षं झाली. पण गोष्ट नीट सांगायची तर त्या वर्षीच्या मे महिन्यापासून सांगायला हवी.

आमच्या टाकळवाडीत घरटी शेवंती असायची. ज्याच्याकडे विहीर त्याची एकरभर, ज्याच्याकडे नाही त्याची परसात चार वाफे. दिवाळीच्या सुमाराला शिवार पिवळं व्हायचं. त्या मे महिन्यात अण्णांनी गावात दिवा आणला. तालुक्याला तीन वर्षं खेटे घालून आणलेला, उंच खांबावरचा, सोडियमचा पिवळाजर्द दिवा. तो त्यांनी देवळासमोर उभा केला, नारळ फोडला, ताशा लावला आणि भाषणात त्याला 'गावचा दुसरा सूर्य' म्हटलं. पहिला सूर्य मावळला की अण्णा स्वतः येऊन दुसऱ्याचा खटका दाबत. त्या उजेडात भजनी मंडळ बसू लागलं, पोरी फुगड्या घालू लागल्या, म्हाताऱ्यांना ठेच लागणं थांबलं. पत्ते कुटणाऱ्यांना तर तो देवच वाटला.

देवळासमोरच्या मोकळ्या जागेपलीकडे पारूबाईंचं दहा गुंठे वावर होतं. मंदाकिनीचे वडील ट्रकवर. पंधरा-पंधरा दिवस घरी नसत. शेताचं सगळं पारूबाई बघायच्या. दरवर्षी त्या ओढ्याकाठच्या तुकड्यात शेवंती लावत आणि देवळाजवळच्या तुकड्यात कांदा. त्या वर्षी मंदाकिनी हटून बसली: शेवंती देवळाजवळच लावायची. पोरगी शाळेत पहिली येणारी, आईने ऐकलं.

आणि काय शेवंती आली म्हणता! श्रावणात बघणारे थांबून बघत. पानं हिरवीकंच, खोडं बोटासारखी. ओढ्याकाठी लावून बसलेले लोक हळहळले, की आपल्याला कसं सुचलं नाही. गणपती बसले तसे सगळ्या शिवारात शेवंतीला बारीक कळ्या दिसू लागल्या. पारूबाईंच्या शेवंतीला पानंच येत राहिली. गौरी-गणपती उठले, तरी पानंच. मग लोकांची हळहळ उतरली आणि जीभ सुटली. पारूबाई पाणी भरायला निघाल्या की कुणीतरी विचारायचं, की भाजी कधी काढणार, जुड्या बांधायला येऊ का.

एका दुपारी त्या शेवंतीचं झाड मुळासकट उपटून वर्गात आल्या आणि त्यांनी ते माझ्या टेबलावर आडवं घातलं. मातीचं ढेकूळ हजेरीपटावर पडलं.

"ही तुमची हुशार पोरगी," त्या म्हणाल्या. "हिच्या नादानं मी ओढ्याकाठचं वावर सोडलं. दसऱ्यापर्यंत वाट बघते. मग नांगर घालते आन् कांदा लावते. आन् एक सांगून ठेवते गुरुजी, यापुढं शाळेतलं शाळेत ठेवायचं. घरात आणायचं नाही."

मी मंदाकिनीकडे पाहिलं. ती बाकाजवळ उभी होती, पायावर पाय. मी तिला विचारलं, दिव्याजवळ लावायचं तुला का सुचलं? ती म्हणाली, "असंच." मी पारूबाईंना खताचं सांगितलं, पाण्याचं सांगितलं, मावा किडीचं सांगितलं. त्यांनी ते सगळं आधीच केलं होतं. मास्तरकडचं सांगण्यासारखं संपलं की तो खडू शोधतो, तसा मी खडू शोधू लागलो.

चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर मंदाकिनी मला जवळजवळ ओढतच देवळाच्या पायऱ्यांवर घेऊन गेली. बरोबर छबी होती. छबी म्हणजे अण्णांची धाकटी लेक, मंदाकिनीची जिवलग. तिच्या पोटात एक गोष्ट राहील तर शपथ. वरच्या पायरीवरून वावर सगळं दिसत होतं. मंदाकिनीने बोट केलं. हिरव्यागार वावराच्या मधून एक पट्टा गेला होता, तीन-चार फुटांचा, रेघ मारल्यासारखा सरळ. त्या पट्ट्यातल्या झाडांना कळ्या होत्या. तिने मोजल्या होत्या: एकशे सत्तावीस झाडं. पट्ट्याबाहेर एकालाही नाही.

आम्ही तिघं तिथे तोंडं उघडी टाकून बसलो असताना अण्णा दिवा लावायला आले. त्यांनी पट्टा पाहिला आणि हात जोडले. ही भैरोबाची कृपा, ते म्हणाले. पारूबाईकडून काहीतरी चुकलंय, म्हणून देवाने एवढ्यावरच भागवलं. आता गावात नवीनच काहीतरी सुरू होणार हे मला कळलं. तेवढ्यात त्यांनी खटका दाबला.

दिवा लागला. खांब आणि वावर यांच्यामध्ये देवळाची दगडी दीपमाळ होती. तिची सावली उठली आणि वावरात लांबच लांब पडली. तीन-चार फूट रुंद. सरळ.

मंदाकिनीने माझी बाही धरली. "गुरुजी," ती हळूच म्हणाली, "ती झाडं अंधारात हायेत."

मला आठवलं की कॉलेजात यावर एक धडा होता, आणि परीक्षेला येत नाही म्हणून मी तो सोडला होता.

रविवारी पहिल्या गाडीने मी माझ्या जुन्या प्राध्यापकांकडे गेलो. त्यांनी मला चहा दिला, तो सोडलेला धडा शिकवला आणि दोन्ही वेळा सारख्याच प्रेमाने साखर कमी घातली. सोमवारी मी तो वर्गाला सांगितला. पान म्हणजे झाडाचं स्वयंपाकघर, ऊन म्हणजे चूल, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण पानाला आणखी एक काम असतं. ते रात्र मोजतं. शेवंतीला दिवसाशी देणंघेणं नाही असं नाही, पण फूल कधी काढायचं हे ती रात्रीला विचारते. पाऊसकाळ सरताना रात्री मोठ्या होऊ लागतात, तेव्हा ती ओळखते की आता वेळ झाली. मधेच कुणी उजेड केला तर तिची मोजणी मोडते. लंगडीत दुसरा पाय टेकला की डाव जातो, तसं. पारूबाईंच्या शेवंतीवर रात्र पडतच नव्हती. बाहेर भाद्रपद अर्धा सरला होता, आणि तिच्या पंचांगात अजून ज्येष्ठच चालू होता.

"म्हणजे तिला कुणी सांगितलंच नाही," छबी म्हणाली. तिला त्या झाडांची फार दया आली.

त्या संध्याकाळी मी अण्णांना म्हटलं, महिनाभर दिवा बंद ठेवा. देवळासमोर पंचवीस-तीस माणसं होती. मी जणू देवळाचा कळस उतरवायला सांगितला. भजनी मंडळाने टाळ खाली ठेवले. एका आजोबांनी आपला पाय पुढे करून जुन्या ठेचेची खूण दाखवली. अण्णांनी मला सगळं बोलू दिलं. माणूस सभ्य होता. मग म्हणाले, "गुरुजी, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. आन् दिवा झाकला म्हणून फुलं येत नाहीत. फूल येतं उजेडानं. हे मला चौथी शिकलेल्याला कळतं."

सगळे हसले. मंदाकिनी हसली नाही. ती समोरच्या ओट्याकडे बघत होती. तिथे अण्णांच्या घरची माणसं रोजच्यासारखी कोंबड्या डालत होती. हात हलवून एकेकीला जवळ घ्यायची आणि वरून डालगं टाकायचं.

"अण्णा," ती म्हणाली, "दिवा राहू द्या. आम्ही शेवंती डालतो."

क्षणभर कुणाला काही कळलंच नाही. मग जो हशा झाला, त्याने देवळातली वटवाघळं उडाली. शेवंती डालणार! उद्या म्हशीला कणगीत घाला! एक जण म्हणाला की शेवंती अंडी देईल तेव्हा आम्हालाही बोलवा. मला राग आला, आणि रागाच्या भरात मी म्हणालो की देईलच, पिवळी अंडी देईल. तिथून पैजेपर्यंत जायला वेळ लागला नाही. डाललेल्या झाडांना दसऱ्याला कळ्या दिसल्या तर अण्णांनी डालग्याखाली बसायचं आणि त्याच संध्याकाळपासून दिवा बंद. नाही दिसल्या तर मी बसायचं, आणि पारूबाईंनी नांगर घालायचा. पारूबाई लांब उभ्या होत्या. त्यांनी मान हलवली, पण लेकीकडे पाहिलं नाही.

बांधाकडे उशिरा लावलेली काही बुटकी झाडं होती. त्यांतली अकरा आम्ही निवडली, एक सोडून एक. मधलं प्रत्येक झाड उघडंच ठेवायचं, म्हणजे कुणाला देवाचं नाव घ्यायला नको. रोज दिवा लागायच्या आत डालायचं, सकाळी शाळेच्या आधी उघडायचं. अकरा घरांची अकरा डालगी पोरांनी मागून आणली. आईबापांनी हसत दिली.

दुसऱ्या दिवशी ते हसायचे थांबले. कारण डालगी दिल्यावर कोंबड्या कुठे ठेवायच्या, हा विचार कुणीच केला नव्हता. मी मुख्याध्यापकांना न विचारता शाळेचा एक वर्ग उघडून दिला. तीन दिवसांत सातवीच्या वर्गाला खुराड्याचा वास येऊ लागला. खडूच्या पेटीत अंडं निघालं. परिपाठ चालू असताना एक तुर्रेबाज कोंबडा दर ओळीला साथ द्यायचा. पाचवीचा एक मुलगा घरी जाऊन सांगू लागला, की आमच्या शाळेत आता कोंबड्यांनाही घेतात आणि त्यांना गृहपाठ नसतो.

तिसऱ्या संध्याकाळी छबीने मोलाची गोष्ट काढली. ती म्हणाली, आमचा कोंबडा डालग्यात असला तरी पहाटे बरोबर आरवतो, कारण तो फटीतून तांबडं बघतो. मग शेवंतीही फटीतून दिवा बघत नसेल का?

मी कपाळाला हात लावला. तीन दिवस फुकट गेले होते. त्याच संध्याकाळी पोरांनी शेण-माती कालवली आणि अकराही डालगी बाहेरून सारवली. पोरंही सारवली गेली. मंदाकिनीने वहीत लिहिलं: आजपासून दिवस पहिला. पितृपक्षाचे राहिलेले दिवस आणि नवरात्र मिळून तिच्या हाती एकवीस रात्री उरल्या होत्या.

त्या एकवीस दिवसांत ती एकदाही चुकली नाही. पाऊस असो, ताप असो. घरी आई तिच्याशी कामापुरतं बोलायची. मंदाकिनीने ते मला सांगितलं नाही; छबीने सांगितलं, अर्थातच. नांगर बांधाजवळ आणून ठेवला होता. पोरगी रोज सकाळी त्याच्या शेजारून जायची आणि डालगी उचलायची.

छबीने मात्र आठव्या दिवशी स्वतःचं डोकं चालवलं. अंधाराने फूल येतं ना? मग रात्री कशाला, दिवसाही अंधार देऊ; दुप्पट लवकर येईल. वाटेकडचं अकरावं डालगं तिच्याकडे होतं. ते तिने उघडलंच नाही; कुणी विचारलं तर म्हणायची, माझं मी बघते. आठ दिवसांनी मला कळलं तेव्हा आम्ही ते उचललं. झाड जिवंत होतं, पण बघवत नव्हतं. पानं पिवळी पडून गळाठलेली, खोड लांबुडकं, मान टाकलेली. छबी रडायला लागली.

मी तिला म्हटलं, "रडू नको. चूल बंद ठेवलीस, म्हणून ती उपाशी राहिली. रात्र कितीही मोजली तरी पोटात काही नसेल तर फूल कशाचं काढील?" मग सगळ्या वर्गाला मी ते झाड दाखवलं. दिवसा चूल पेटायला हवी आणि रात्री विझायला हवी. एकाने भागत नाही. तो धडा मी पुढे तीस वर्षं शिकवला. पण छबीच्या त्या पिवळ्या झाडाइतका नीट मला फळ्यावर कधी साधला नाही.

नवमीपर्यंत झाडांच्या शेंड्यांना काहीच दिसत नव्हतं. मी रोज जाऊन चष्मा पुसायचो. अण्णांनी एक कोरं डालगं विकत आणून देवळासमोर ठेवलं होतं, माझ्या मापाचं. जाता-येता लोक त्यात डोकावायचे आणि मला विचारायचे, की आत गादी घालायची का.

दसऱ्याला सोनं वाटून झालं आणि सगळं गाव बांधावर जमलं. ऊन कलतं होतं, दिवा लागायला वेळ होता. त्या दिवशी पैजेसाठी डालगी झाकलेलीच ठेवली होती; पोरांनी एकेक डालगं धरलं. पारूबाई नांगराला टेकून उभ्या होत्या. मंदाकिनीने पहिलं डालगं उचललं आणि बाजूला झाली. तिने स्वतः पाहिलं नाही.

अण्णा वाकले. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. शेंड्यातली पानं दोन बोटांनी बाजूला केली. मधे जोंधळ्याच्या दाण्याएवढी एक हिरवी गाठ होती, आणि तिच्याजवळ दुसरी, तिसरी. ते शेजारच्या उघड्या झाडाकडे गेले. तिथे पानंच. दुसरं डालगं, कळ्या. शेजारी पानं. असं करत ते बांधाच्या टोकापर्यंत गेले. दहा झाडांना कळ्या होत्या. अकरावं छबीचं होतं. त्याच्यापाशी ते थांबले, लेकीकडे पाहिलं आणि काही न विचारता पुढे गेले.

मग ताशेवाल्याने न सांगताच ताशावर टिपरी टाकली आणि पोरं वावरात नाचायला लागली. पारूबाईंनी आरोळी दिली की झाडं तुडवू नका. ती त्या एकवीस दिवसांतली त्यांची पहिली आरोळी, आणि काय खणखणीत होती!

अण्णांनी टोपी काढली. माणूस शब्दाचा पक्का. देवळासमोर येऊन ते कोऱ्या डालग्याजवळ उकिडवे बसले आणि म्हणाले, टाका वरून. दोन पोरांनी डालगं उचललं. तेवढ्यात त्यांना काहीतरी आठवलं.

"थांबा. मंदे, एक सांग. कबूल, उजेडानं फूल अडलं. पण दिव्याखाली शेवंती लावायचं तुझ्या डोक्यात घातलं कुणी?"

"कुणी नाही," मंदाकिनी म्हणाली. "माझंच."

"खोटं बोलती," छबी म्हणाली. मंदाकिनीने तिच्या पायावर पाय दिला, पण छबीचं तोंड पायावर चालत नव्हतं. "गुरुजींनीच सांगितलं होतं. पान म्हणजे स्वयंपाकघर अन् ऊन म्हणजे चूल. मंदीनं विचारलं, रात्रीपण चूल पेटती ठेवली तर? गुरुजी म्हणाले, मग काय, दुप्पट फुलं. आम्ही सगळ्यांनी वहीत लिहून घेतलंय."

सगळी तोंडं माझ्याकडे वळली.

मला आठवलं. जूनचा दुसरा आठवडा, शेवटचा तास. घंटा व्हायची होती, मला गाडी गाठायची होती. पोरीने प्रश्न विचारला होता आणि मी गमतीत, पाठ फिरवता फिरवता, उत्तर फेकलं होतं. एकतीस वह्यांत ते उतरलं होतं. एका वहीतून ते दहा गुंठ्यांत उतरलं. आणि पारूबाईंनी झाड माझ्या टेबलावर टाकलं त्या दुपारी, मी तोंड वर करून तिला विचारलं होतं, की तुला हे का सुचलं. ती म्हणाली होती, असंच.

पारूबाई माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांच्यापुढे हात जोडले. मग अण्णांच्या दंडाला धरून त्यांना उठवलं.

"उठा, अण्णा. ही जागा माझी आहे."

ते नको नको म्हणत होते, पैज पैज म्हणत होते. मी गुडघे पोटाशी घेतले, डोकं खाली घातलं आणि पोरांना म्हटलं, टाका रे.

तर असा मी डालग्याखाली आलो.

बाहेर हळूहळू हसू पुन्हा उमलत होतं. आरवा म्हणून आग्रह चालला होता. मी म्हटलं, आधी दिवा. अण्णा म्हणाले की आज मी खटका दाबतच नाही. सगळे थांबले. ऊन गेलं, पायांचे रंग गेले, मग पायही दिसेनासे झाले. मे महिन्यानंतर पहिल्यांदा गावात संध्याकाळ झाली. कुणीतरी म्हणालं, की अरे, चांदण्या आहेत की अजून.

माझ्या अगदी जवळ कुणीतरी येऊन बसलं. डालग्याच्या फटीला तोंड लावून मंदाकिनी म्हणाली, "गुरुजी, तुम्ही कशाला बसलात? तुम्हाला लोक हसतील म्हणून मी सांगितलं नव्हतं."

"मला ठाऊक आहे," मी म्हटलं.

"मग?"

"मंदे, मला जे येत नव्हतं ते मी तुला येतंय म्हणून सांगितलं. हसू देत."

तिने बोटाने डालग्यावर दोनदा टिचकी मारली. मग म्हणाली, "पाय दुखत असतील. आरवा की."

मी छाती भरून घेतली आणि आरवलो. सव्वीस वर्षांत कधी केला नव्हता असा आवाज माझ्या गळ्यातून निघाला. आणि तिकडे सातवीच्या वर्गात झोपलेल्या झाडून सगळ्या कोंबड्यांना वाटलं की उजाडलं. आधी तो परिपाठाचा तुर्रेबाज आरवला, मग दुसरा, मग सगळी शाळा. अंधारात लोक एकमेकांच्या खांद्यावर पडून हसले. अण्णा तर खालीच बसले. "झाकलं तरी आरवतंय," ते डोळे पुसत म्हणाले, "गुरुजी, म्हण काही खोटी नव्हती."

नांगर दुसऱ्या दिवशी घरी गेला. दिवाळीनंतर सगळ्या वावराला कळ्या धरल्या. त्यांची फुलं मार्गशीर्षात आली, गावातली बाकीची शेवंती सरल्यावर, तेव्हा भाजीची जुडी विचारणाऱ्या घरांनीच पारूबाईंकडून पूजेला फुलं नेली. पण मला आठवते ती त्याआधीची संध्याकाळ, त्रिपुरी पौर्णिमेची. त्या दिवशी आमच्याकडे दीपमाळ लावतात. अण्णा तेलाचं भांडं घेऊन आले, दीपमाळेपाशी थांबले आणि गर्दीत शोधू लागले. त्यांना मी नको होतो.

"मंदे," ते म्हणाले, "लावू का?"

मंदाकिनी वावरात जाऊन दोन-चार शेंडे चाचपून आली. "लावा," ती म्हणाली. "कळ्या धरल्यात. एका रात्रीनं आता काही होत नाही."

दिवे लागले. मी पायऱ्यांवर उभा होतो. समोर दगडी दीपमाळ पेटली होती, आणि पलीकडे हिरव्या वावरात तिच्या सावलीची जागा पिवळीधमक फुलली होती. एक उभी दीपमाळ, एक आडवी. त्या आडवीतून पारूबाई भैरोबाच्या हारासाठी फुलं तोडत होत्या आणि मंदाकिनी परडी धरून त्यांच्या मागे चालत होती.

तोडता तोडता पारूबाईंनी मान न वळवता विचारलं, "काय गं, आज शाळेत काय शिकवलं?"

मी कान टवकारले.